काडीमोड आणि हुकूमनामा

(वर्धा जिल्ह्यातील उपासक-उपासिकांच्या सभेत दिलेले व्याख्यान)



या सभेत मी धम्मावर बोलेन अशी आपल्यापैकी काहींची अपेक्षा असेल. परंतु धम्मावर बोलण्याचा अधिकार भिक्खूंचा आहे. मी वकील आहे. नागपूरला कायद्याचे शिक्षण घेऊन मी वर्ध्याच्या न्यायालयात उभा राहू लागलो, त्याला आता वीस वर्षे होत आली. या वीस वर्षांत आपल्या समाजातील कितीतरी स्त्रिया माझ्याकडे आल्या आणि एक कागद हाती नसल्यामुळे निराश होऊन परत गेल्या. तो कागद म्हणजे घटस्फोटाचा हुकूमनामा. आज मी त्याच्याविषयीच बोलणार आहे.

विषय अप्रिय आहे हे मी जाणतो. मंगल परिणयाच्या मांडवात घटस्फोटाचे नाव कोणी काढीत नाही आणि तसे काढूही नये. पण ज्या घरात ही गोष्ट एकदा घडून गेली आहे, त्या घराने तिच्याकडे पाठ फिरवून चालत नाही. आपण विसरलो तरी शेत विसरत नाही, पेन्शनची कचेरी विसरत नाही आणि भाऊबंद तर मुळीच विसरत नाहीत.

प्रथम एक घडलेली हकीकत सांगतो. आर्वी तालुक्यातील एक वृद्ध बाई आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांचा पहिला विवाह तरुणपणी मोडला होता. नंतर त्यांनी दुसरा विवाह केला आणि त्या नवऱ्याशी चाळीस वर्षे संसार केला. तो वारला तेव्हा त्याच्या पहिल्या पत्नीचे मुलगे पुढे आले आणि म्हणाले, “ही बाई आमच्या बापाची बायकोच नव्हे. हिचा पहिला नवरा त्या वेळी जिवंत होता. फारकत झाल्याचा कागद दाखव, नाहीतर शेतातला हिस्सा मागू नकोस.” शेत किती, तर कोरडवाहू चार एकर. पण त्या बाईंच्या म्हातारपणाला तेवढाच आधार होता.

मी विचारले, “आई, फारकत पंचांपुढे झाली की कोर्टात?” त्या म्हणाल्या, “कोर्टातच झाली. लहान गाडीने पुलगावला आलो आणि तिथून मोठ्या गाडीने वर्ध्याला. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या सालची गोष्ट.” पुलगाव-आर्वी ही लहान रेल्वे तेव्हा धावत होती. आणीबाणी १९७७ च्या मार्चमध्ये उठली. म्हणजे साल १९७८ असणार असे मी धरले आणि १९७८ च्या प्रकरणांची नोंदवही पाहिली. नाव सापडले नाही. मी बाईंना सांगितले की बहुधा आपल्या आठवणीत चूक असेल. बंधूंनो, चूक त्यांची नव्हती, माझी होती. न्यायालयाच्या नोंदवहीत प्रकरण ज्या वर्षी दाखल होते त्या वर्षाखाली त्याची नोंद असते. निकाल ज्या वर्षी लागतो त्या वर्षाखाली नसते. बाईंनी निकालाचे साल अचूक सांगितले होते. अर्ज दाखल झाला होता १९७६ मध्ये. शिवाय मी त्यांचे नाव माहेरच्या आडनावाने शोधत होतो आणि नोंद होती ‘जौजे’ म्हणून पहिल्या नवऱ्याच्या नावाने. दुसऱ्यांदा शोध घेतला तेव्हा नोंद मिळाली, नोंदीवरून प्रकरणाचा क्रमांक मिळाला आणि क्रमांकावरून हुकूमनामा मिळाला. त्याची प्रमाणित प्रत हाती आली त्या दिवशी बाईंनी ती वाचली नाही, कारण त्यांना वाचता येत नव्हते. त्यांनी ती मुलीच्या हाती दिली आणि म्हणाल्या, “आता वाच मोठ्याने.”

हा कागद शोधावा कसा, तो नसेल तर काय करावे, आणि तो नसण्याची पाळी आपल्या समाजावर इतक्या वेळा का येते, हे तीन प्रश्न मी आपल्यापुढे मांडतो. शेवटचा प्रश्न आधी घेतो.

आपले पूर्वज ज्या जातींत जन्मले त्यांपैकी पुष्कळ जातींत घटस्फोटाची रीत फार जुनी होती. पंच बसत, दोन्ही बाजूंचे ऐकत, गवताची काडी मोडत आणि विवाह संपला असे जाहीर करीत. म्हणून आपण त्याला काडीमोड म्हणतो. कोणी फारकत म्हणतात, कोणी सोडचिठ्ठी. मग त्या स्त्रीला पाट लावण्याची मोकळीक असे. या रीतीत काहीच चांगले नव्हते असे मी म्हणणार नाही. वरिष्ठ म्हणविणाऱ्या जातींतील स्त्री मरेपर्यंत नांदण्याला बांधलेली होती, त्या काळात आपल्या आज्या-पणज्यांना नको असलेल्या संसारातून बाहेर पडण्याची वाट मोकळी होती. हिंदू कोड बिलाच्या चर्चेत परमपूज्य बाबासाहेबांनी हेच दाखवून दिले होते की देशातल्या बहुसंख्य समाजात घटस्फोट पूर्वीपासून रूढ आहे. कायदा त्याला काही अघटित म्हणून आणीत नाही. ते बिल रखडले आणि २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, हे आपणांस ठाऊक आहे. पुढे त्याच कोडाचा एक भाग हिंदू विवाह कायदा म्हणून १८ मे १९५५ पासून अमलात आला.

पण काडीमोडीत एक मोठी उणीव होती. तिचा कागद होत नसे. पाच जणांनी पाहिले, पाच जणांनी ऐकले आणि ते पाच जण वारले की ती फारकत त्यांच्याबरोबर गेली. मध्यप्रांताच्या या मराठी जिल्ह्यांत गावचा कोतवाल हा बहुधा महार असे. गावातल्या प्रत्येक घरचा जन्म आणि मृत्यू यांची वर्दी तोच ठाण्यावर पोचवी. म्हणूनच त्या नोंदी आजही कोतवाल बुकात सापडतात आणि त्यांच्या आधारे लोक आपले हक्क सिद्ध करतात. साऱ्या गावाची नोंद पोचविणाऱ्या त्या माणसाच्या स्वतःच्या लेकीची फारकत झाली, तर तिची नोंद मात्र कोठेही होत नसे. ही आपली जुनी स्थिती आहे. दुःख याचे आहे की आजही आपल्यातील पुष्कळांनी ती तशीच चालू ठेवली आहे. फरक इतकाच की काडीच्या जागी आता स्टॅम्प पेपर आला आहे.

येथे काही बंधू मला विचारतात, “वकीलसाहेब, आम्ही बौद्ध झालो. मग हिंदू विवाह कायद्याशी आमचा संबंध काय?” प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर स्पष्ट असले पाहिजे. त्या कायद्याच्या कलम २ मध्येच लिहिले आहे की जो धर्माने बौद्ध, जैन किंवा शीख आहे त्यालाही हा कायदा लागू आहे. याचा अर्थ आपण हिंदू आहोत असा नाही; याचा अर्थ एवढाच की विवाह आणि घटस्फोट यांपुरता आपल्यालाही तोच कायदा लावला आहे. बौद्धांसाठी स्वतंत्र विवाह कायदा असावा ही मागणी आहे आणि ती करण्याचा आपल्याला अधिकार आहे. पण मागणी मान्य होईपर्यंत न्यायाधीश पाहणार तो असलेला कायदा. तो आपल्याला नको म्हणून त्याच्याकडे न पाहणे, म्हणजे त्याने दिलेले हक्कही सोडून देणे होय.

याच ठिकाणी दोन गैरसमज दूर करतो. काही जण समजतात की दीक्षा घेतल्याने पूर्वीचा विवाह आपोआप संपतो. तसे नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो पती-पत्नींनी दीक्षा घेतली, त्यांपैकी कोणाचाही विवाह त्यामुळे मोडला नाही. आज दीक्षा घेणाऱ्या कुटुंबाचाही मोडत नाही. दुसरा गैरसमज असा की पती-पत्नींपैकी एकाने बौद्ध धम्म स्वीकारला, तर दुसऱ्याला तेवढ्या कारणावरून घटस्फोट मिळतो. तेही खरे नाही. ज्यांना हा कायदा लागू आहे त्यांच्यात बौद्धही येतात. म्हणून बौद्ध होणे हे घटस्फोटाचे कारण ठरू शकत नाही.

मग काडीमोडीचे आजचे स्थान काय? कायद्याच्या कलम २९ मध्ये रूढीने मिळणारा घटस्फोटाचा हक्क राखून ठेवला आहे. म्हणजे रूढीची फारकत मुळातच रद्द आहे असे कोणी म्हणू शकत नाही. पण त्याच कायद्याने रूढी कशाला म्हणावे हेही सांगितले आहे. ती दीर्घकाळ, अखंडपणे आणि एकसारखी पाळली गेली असली पाहिजे, निश्चित असली पाहिजे आणि लोकहिताच्या विरुद्ध नसली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये एका निकालात सांगितले की अशी रूढी हा सर्वसाधारण कायद्याला अपवाद आहे. म्हणून जो तिच्यावर विसंबतो त्याने ती स्पष्टपणे मांडली पाहिजे आणि पुराव्याने सिद्ध केली पाहिजे. आपल्यापुढे तर आणखी एक पेच आहे. विरुद्ध बाजूचा वकील उभा राहतो आणि विचारतो, “तुम्ही जात सोडली ना? मग सोडलेल्या जातीची रूढी आज कोणत्या तोंडाने सांगता?” या प्रश्नाला कायद्याचे उत्तर देता येते आणि मी ते देतोही. पण एखाद्या विधवेचा घास त्या उत्तरावर टांगून ठेवावा असे मला कधी वाटले नाही.

आता शोध कसा घ्यावा ते सांगतो. घरी जाऊन लिहून ठेवा.

पहिली गोष्ट, घटस्फोटाची नोंद ठेवणारी वेगळी वही आपल्या राज्यात गावात, तालुक्यात किंवा जिल्ह्याच्या कचेरीत कोठेही नाही. विवाहाची नोंद ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत १९९८ च्या राज्य कायद्याप्रमाणे होते. जन्म आणि मृत्यू यांची नोंद १९६९ च्या कायद्याप्रमाणे होते. घटस्फोट या दोहोंपैकी कोठेही नोंदला जात नाही. म्हणून ग्रामसेवक किंवा तलाठी यांच्याकडे हेलपाटे घालू नका. ज्या न्यायालयाने विवाह विसर्जित केला त्याच्याच दप्तरात तो कागद असतो.

दुसरी गोष्ट, ते न्यायालय कोणते हे ठरवा. कायद्याप्रमाणे अर्ज तीन ठिकाणी करता येत असे: विवाह जिथे झाला तिथे, ज्याच्याविरुद्ध अर्ज करायचा तो जिथे राहतो तिथे, आणि पती-पत्नी शेवटी जिथे एकत्र राहिले तिथे. २००३ पासून पत्नीला ती स्वतः जिथे राहते तिथेही अर्ज करता येतो. आपल्या जिल्ह्यातील मुली नदीपलीकडे यवतमाळ आणि अमरावती जिल्ह्यांत दिल्या जातात, तशाच चंद्रपूर आणि नागपूरकडेही दिल्या जातात. नदी ओलांडली की जिल्हा बदलतो आणि दप्तरही बदलते. म्हणून वर्ध्याला नाव मिळाले नाही एवढ्यावरून घटस्फोट झालाच नाही असे समजू नका. हिंगणघाट, आर्वी येथील न्यायालये पाहा. सासर ज्या जिल्ह्यात होते तिथले न्यायालय पाहा. नवरा कामासाठी नागपूरला राहत असेल, तर तिथले कौटुंबिक न्यायालय पाहा. कौटुंबिक न्यायालये १९८४ च्या कायद्याने आली. त्यापूर्वीचे प्रकरण असेल तर ते दिवाणी न्यायालयाच्या दप्तरात शोधावे लागेल.

तिसरी गोष्ट, साल ठरवा. आपल्या आयाबायांना तारखा आठवत नाहीत, पण प्रसंग आठवतात. कोणता पूर आला, कोणती निवडणूक झाली, थोरला मुलगा कोणत्या वर्गात होता, असे विचारा. मग निकालाच्या सालापासून मागे तीन-चार वर्षांच्या नोंदवह्या पाहा. माझी चूक आपण करू नका.

चौथी गोष्ट, नाव. माहेरचे आणि सासरचे, दोन्ही नावांनी शोधा. जुन्या नोंदवह्या इंग्रजीत असल्या तर एकच नाव तीन तऱ्हांनी लिहिलेले आढळेल. दीक्षेनंतर आपल्यातील अनेकांनी आपली व मुलांची नावे बदलली; पूर्वीचे नाव काय होते तेही वडीलधाऱ्यांना विचारून ठेवा. पतीने अर्ज केला असेल तर त्याचे नाव आधी येईल आणि पत्नीचे नंतर. म्हणून दोन्ही बाजूंची नावे वाचा. अलीकडच्या प्रकरणांसाठी ई-न्यायालयाच्या संकेतस्थळावर पक्षकाराचे नाव आणि वर्ष घालून शोध घेता येतो, आणि तिथे प्रत्येक प्रकरणाला सोळा अंकाक्षरांचा एक क्रमांक असतो. आपल्या घरातील शिकलेली मुलगी हे काम करू शकेल. जुनी प्रकरणे मात्र तिथे मिळतीलच असे नाही. त्यांच्यासाठी न्यायालयाच्या अभिलेख कक्षातच जावे लागते.

पाचवी गोष्ट, नक्कल. प्रकरणाचा क्रमांक, पक्षकारांची नावे आणि निकालाची तारीख मिळाली की नक्कल शाखेकडे कोर्ट फी मुद्रांक लावून अर्ज करा. निकालपत्र आणि हुकूमनामा या दोन्हींची प्रमाणित प्रत मागा. निकालपत्रात कारणे असतात, हुकूमनाम्यात विवाह विसर्जित झाल्याची आज्ञा असते. कचेऱ्या हुकूमनामा मागतात. साधी झेरॉक्स उपयोगी पडत नाही. न्यायालयाचा शिक्का आणि प्रमाणपत्र असलेली प्रत हवी. माहितीच्या अधिकाराखाली ही प्रत मागण्यात वेळ घालवू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले आहे की न्यायालयीन कागदांच्या प्रती न्यायालयाच्या नियमांप्रमाणेच मागाव्यात. आपण स्वतः पक्षकार नसाल, मुलगा किंवा मुलगी असाल, तर आपला संबंध आणि कारण शपथपत्रावर सांगून परवानगी घ्यावी लागते. ही अडवणूक नव्हे. विवाहाची प्रकरणे बंद दाराआड चालावीत असे कायद्याचे कलम २२ सांगते. एखाद्या बाईचे दुःख कोणा चौकस शेजाऱ्याला वाचायला मिळू नये यासाठी ती काळजी आहे.

सहावी गोष्ट, अपील झाले होते का ते पाहा. अपील झाले असेल तर शेवटचा शब्द वरच्या न्यायालयाचा असतो. आणि ज्यांना पुन्हा विवाह करायचा आहे त्यांनी अपिलाची मुदत संपेपर्यंत थांबलेच पाहिजे. कलम १५ तसे सांगते आणि ती मुदत २००३ च्या दुरुस्तीपासून नव्वद दिवसांची आहे.

हुकूमनामा मिळाला नाही तर? न्यायालयांना जुने कागद नियमाप्रमाणे नष्ट करता येतात. परंतु निकालपत्र आणि हुकूमनामा बाकीच्या कागदांहून अधिक काळ राखले जातात, म्हणून पूर्ण शोध घेतल्याशिवाय हार मानू नका. प्रकरणाचे कागद नसले तरी नोंदवहीतील नोंदीची प्रमाणित प्रत मागता येते. १९७६ च्या दुरुस्तीपासून घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची एक प्रत दोन्ही पक्षांना विनामूल्य देण्याची तरतूद आहे. म्हणजे आपल्याकडची हरवली तरी दुसऱ्या बाजूच्या पेटीत ती असू शकते. पूर्वी पोटगीचे प्रकरण चालले असेल तर तेही पाहा, कारण तिथे नवऱ्याने घटस्फोटाचा क्रमांक आणि तारीख सांगितलेली असते. फारकतनामा दुय्यम निबंधकाकडे नोंदविला असेल, तर त्याची नक्कल तो लिहून देणाऱ्याला किंवा त्याखाली हक्क सांगणाऱ्याला मागता येते. मात्र लक्षात ठेवा, नोंदविलेला फारकतनामा हा रूढीच्या फारकतीचा पुरावा होऊ शकेल. तो न्यायालयाचा हुकूमनामा नव्हे. आणि नोटरीचा शिक्का म्हणजे न्यायाधीशाची सही नव्हे.

शोध घेताना एखाद्या बहिणीला भलतेच सापडते. आपल्या नवऱ्याने आपल्या नकळत एकतर्फी हुकूमनामा मिळविला आहे असे तिला कळते. समन्स भलत्याच पत्त्यावर गेलेले असते किंवा तिने कधी न पाहिलेल्या वर्तमानपत्रात छापलेले असते. अशा वेळी रडत बसू नका. समन्स रीतसर बजावले गेले नसेल तर हुकूमनामा रद्द करून घेण्यासाठी अर्ज करता येतो, आणि त्याची मुदत कळल्या दिवसापासून तीस दिवसांची आहे. म्हणून ज्या दिवशी कळेल त्याच आठवड्यात वकिलाकडे जा.

आता दुसरी हकीकत सांगतो. ती सांगताना मला आजही संकोच वाटतो. पुलगावकडच्या एका बाईंचा नवरा सरकारी नोकरीत होता. त्यांचे पटेना, तेव्हा गावातील चार वडीलधाऱ्यांनी दोघांना बसविले, शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर फारकत लिहिली आणि बाईचा अंगठा घेतला. त्यात असेही लिहिले की मी पोटगीचा हक्क सोडला. नवऱ्याने दुसरे लग्न केले. ती दुसरी बाईही आपल्याच समाजातील, गरीब घरची. तिला वाटले फारकत झाली आहे, सारे रीतसर आहे. पंचवीस वर्षांनी नवरा वारला. दोघींनी कुटुंब निवृत्तिवेतनासाठी अर्ज केले. कचेरीने हुकूमनामा मागितला. हुकूमनामा नव्हता. रूढी सिद्ध करावी म्हटले तर त्या चार पंचांपैकी तिघे हयात नव्हते आणि चौथ्याला नीट आठवत नव्हते. कायद्याच्या दृष्टीने पहिली बाई पत्नीच राहिली आणि जिने पंचवीस वर्षे त्याचे घर सांभाळले ती पत्नी ठरली नाही. तिची मुले कलम १६ प्रमाणे औरस ठरतात आणि बापाच्या मिळकतीत त्यांना हिस्सा मिळतो. पण तिला स्वतःला काय? पहिलीनेही पंचवीस वर्षे पोटगी मागितली नव्हती, कारण कागदावर अंगठा दिला होता. हक्क सोडल्याचा तसला मजकूर तिला पोटगी मागण्यापासून अडवू शकत नाही, हे तिला कोणी सांगितले नव्हते. मी पहिलीचा वकील होतो. मी प्रकरण जिंकलो. निकालाच्या दिवशी दुसरी बाई न्यायालयाच्या पायरीवर बसली होती आणि तिच्याशी काय बोलावे हे मला सुचले नाही.

तो कागद लिहिणारे चार जण दुष्ट नव्हते. विहाराच्या कामात पुढे असणारे ते सज्जन होते. भांडण मिटावे एवढीच त्यांची इच्छा होती. पण त्यांनी न्यायाधीशाचे काम अंगावर घेतले आणि त्याची किंमत दोन बायकांनी दिली.

म्हणून गावोगावच्या कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. आपण समजूत घाला, दोन्ही बाजूंना एकत्र बसवा, कोणाचे दागिने कोणाकडे आहेत ते मिटवा. परंतु फारकत लिहू नका. दोघेही राजी असतील तर कलम १३-ब प्रमाणे परस्पर संमतीने घटस्फोट मिळतो. त्यासाठी एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते, आणि अर्जानंतर सहा महिन्यांची वाट पाहावी लागते, जी योग्य प्रकरणी न्यायालय कमी करू शकते. एवढी वाट पाहणे अंगठ्याच्या फारकतीपेक्षा कितीतरी स्वस्त आहे.

ज्यांच्या घरी जुनी काडीमोड झाली आहे आणि कागद काहीच नाही, त्यांनीही स्वस्थ बसू नये. पंच हयात असतील तोवर वकिलाचा सल्ला घेऊन दिवाणी न्यायालयात आपली स्थिती ठरवून घ्या. जुना लेख असेल तर मूळ कागद जपा. तीस वर्षांहून जुना कागद योग्य ठिकाणाहून पुढे आला, तर त्यावरील सही आणि अक्षर यांच्या खरेपणाचे अनुमान न्यायालयाला करता येते. साक्ष्याचा नवा कायदा १ जुलै २०२४ पासून आला, त्यातही हा नियम राहिला आहे.

वकिलाची फी कोठून द्यावी, असे एखादी बहीण मनात म्हणत असेल. विधि सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक स्त्रीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तिचे उत्पन्न किती हे विचारले जात नाही. जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाची कचेरी वर्ध्याला न्यायालयाच्या आवारातच आहे. तिथे साधा अर्ज द्यावा लागतो. हा उपकार नव्हे, हक्क आहे. ताठ मानेने मागा.

शेवटचे एकच सांगतो. आपल्या घरात बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर असते. त्या तसबिरीखाली एक पेटी ठेवा. तीत विवाहनोंदणीचा दाखला ठेवा, मुलांचे जन्मदाखले ठेवा, शेताचा सातबारा ठेवा. आणि घरात कोणाचा घटस्फोट झाला असेल तर त्याच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत न लाजता त्याच पेटीत ठेवा. घटस्फोट झाला यात लाजण्यासारखे काही नाही. प्रकरणाचा क्रमांक, न्यायालय आणि तारीख घरातील मुलीच्या वहीत लिहून ठेवा, म्हणजे पेटी हरवली तरी शोध पहिल्यापासून घ्यावा लागणार नाही.

आपल्या आज्यांच्या वेळी काडी मोडली आणि तिचा पुरावा माणसांच्या आठवणीत राहिला. त्या आज्यांना लिहिता येत नव्हते, हा त्यांचा दोष नव्हता. आपल्याला लिहिता येते. आता कागद नसेल, तर दोष आपला आहे.

जयभीम.